स्टार ट्रेक पुन्हा पाहताना : अपोलोचं नेमकं चुकलं काय?

उपग्रह

'हू मोर्न्स फॉर अडोनेइस?' म्हटलं तर चटकन कुणाला आठवत नाही. 'तो हिरव्या हातवाला' म्हटलं की सगळ्यांना आठवतो. अवकाशात एक अवाढव्य हिरवा पंजा येतो आणि एंटरप्राइझ या अवकाशयानाला मुठीत धरतो. स्टार ट्रेक या जुन्या अमेरिकन विज्ञानमालिकेची टिंगल करायची असली की हा प्रसंग हमखास निघतो. २२ सप्टेंबर १९६७ ला अमेरिकेत एनबीसीवर लागलेला, दुसऱ्या सीझनमधला दुसरा एपिसोड. परवा पुन्हा पाहिला आणि पंजा सोडून बाकीचंच सगळं डोक्यात घोळत राहिलं, म्हणून हा धागा. (साठीला आलेल्या एपिसोडसाठी स्पॉयलरचा इशारा देत नाहीये. बघायचा असेल तर आधी बघून या.)

गोष्ट थोडक्यात अशी. पोलक्स ४ नावाच्या ग्रहाजवळ पंजा यानाला अडवतो. पडद्यावर एक देखणा चेहरा येतो आणि यानाचा कप्तान कर्क याला खाली बोलावतो. कर्क, डॉक्टर मॅकॉय, इंजिनिअर स्कॉटी, तरुण रशियन अधिकारी चेकॉव्ह आणि कॅरोलिन पॅलामास नावाची लेफ्टनंट असे पाच जण उतरतात. कर्कचा परग्रहवासी सहकारी स्पॉक याला आमंत्रण नाही, कारण त्याचे टोकदार कान बघून यजमानाला पॅन या बकऱ्याच्या पायांच्या ग्रीक देवाची आठवण होते आणि पॅनचा त्याला म्हणे कायम कंटाळाच यायचा. खाली एक ग्रीक देऊळ, आणि त्यात बसलेला माणूस सांगतो की मी अपोलो. चेकॉव्ह लगेच म्हणतो, आणि मी अखिल रशियाचा झार. कर्कने दटावल्यावर म्हणतो, माफ करा कॅप्टन, याआधी देव कधी भेटला नव्हता. त्यावर कर्क : अजूनही भेटलेला नाही.

हा अपोलो खोटारडा नाही, हे मला फार आवडलं. तो खरंच तोच आहे. पाच हजार वर्षांपूर्वी अशा काही प्रवाशांचा जथा भूमध्य समुद्राच्या काठी उतरला, लोकांनी त्यांना देव मानलं, त्यांनाही ते आवडलं. पुढे लोकांनी पूजा सोडली आणि हे पृथ्वी सोडून निघून गेले. बाकीचे एकेक करून वाऱ्यात विरून गेले, सगळ्यांत आधी हेरा ही देवी. हा एकटा मागे थांबला. माणसं कधी ना कधी ताऱ्यांपर्यंत पोचणार आणि तेव्हा आपल्याला ओळखणार, एवढ्या भरवशावर.

माणसं येतात आणि विचारतात, तुझी शक्ती कुठून येते? छातीत एक जादा अवयव सापडतो, देवळातून ऊर्जा मिळते असा अंदाज निघतो, आणि शेवटी स्पॉक वरून फेझर (यानाचं किरणास्त्र) सोडून ते देऊळ जाळतो. विषय संपला.

मला विचारायचंय ते असं : अपोलोचं नेमकं चुकलं काय? दमदाटी करतो, वीज फेकतो, माणसांना कोंडून ठेवतो, हे सगळं कबूल. पण मेंढ्या राखा, मला मान द्या, मी तुमची काळजी घेतो, ही त्याची मागणी. शेवटी तो रडत विचारतो की बाप मुलांवर करतो तशी माया केली असती, फार मागितलं का मी? कर्क म्हणतो, आता आम्हाला देता येणार नाही असं काहीतरी तू मागितलंस. आणि अपोलो विरून गेल्यावर कर्क स्वतःच हळहळतो, चार लॉरेलची पानं गोळा केली असती तर काय बिघडलं असतं आपलं?

मायकेल फॉरेस्टने अपोलो इतका मन लावून केलाय की थर्माकोलचे खांब विसरायला होतात. जिंकलेल्या नायकाला शेवटी खजील करणारे एपिसोड त्या काळात किती असतील? मला तरी या एपिसोडमध्ये विज्ञान जिंकलं वगैरे वाटलं नाही. म्हातारपणी मुलांची वाट बघत बसलेला माणूस दिसला, आणि मुलं आली ती घर पाडायला.

तुम्हाला काय वाटतं?

जुना_अँटेना

वा! दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचं तेव्हा आमच्या चाळीत एकच टीव्ही. आवाज जेमतेम यायचा आणि इंग्रजी कुणाला पुरतं कळायचं नाही, पण स्पॉकचे कान सगळ्यांना कळायचे. हा एपिसोड तेव्हा पाहिल्याचं मात्र आठवत नाही. आज रात्री बघतो.

तर्कट

उपग्रह, लेख छान, पण तुमचा अपोलो जरा जास्तच गरीब बिचारा झालाय. चारशेहून जास्त माणसं असलेलं यान मुठीत धरून चिरडायची धमकी देणारा इसम तो. एक माणूस उलट बोलला की त्याला उडवून लावतो, स्कॉटीचा हात बधिर करतो. याला आपण वाट बघणारा बाप म्हणायचं? गावातला सावकारही असंच म्हणायचा, मी तुमची काळजीच घेतोय.

आणि एपिसोडची खरी गोची निराळीच आहे. कर्कचं ते प्रसिद्ध वाक्य आठवा. माणसाला देवांची गरज नाही, म्हणतो, आणि लगेच जोडतो की आम्हाला तो एकच पुरेसा आहे. पहिलं अर्धं वाक्य ऐकून टाळी वाजवायला हात उचलावेत तर दुसऱ्या अर्ध्यात माघार. १९६७ सालच्या अमेरिकन टीव्हीवर याहून पुढे जाणं कठीणच होतं, हे समजू शकतो. पण त्यामुळे सगळा युक्तिवादच लंगडा पडतो. झ्यूसची टोळी परग्रहावरची म्हणून बाद, आणि आमचा मात्र खरा, असं झालं ते.

कोकणकडा

तर्कटराव, ते वाक्य मला उलट फार चतुर वाटतं. एकच पुरेसा आहे असं म्हणतो खरा, पण कोणता ते सांगत नाही. ज्याला जो हवा तो त्याने घ्यावा.

अवांतर : देव म्हणजे परग्रहावरून आलेले प्रवासी, ही कल्पना आपल्याकडे डॅनिकेन या स्विस लेखकामुळे घराघरात गेली. आमच्या वाचनालयातली त्या विषयावरची पुस्तकं वाचून वाचून फाटली होती. पण डॅनिकेनचं मूळ जर्मन पुस्तक १९६८ चं. हा एपिसोड त्याच्या आदल्या वर्षीचा. म्हणजे तेव्हा ही कल्पना हवेतच होती आणि विज्ञानकथावाल्यांच्या तर ती अंगवळणी पडलेली होती.

भटकी_उल्का

उपग्रह, सगळं लिहिलंत आणि पॅलामास एका नावापुरती उरकलीत! माझ्या मते हा एपिसोड तिचा आहे आणि लिहिणाऱ्यांनी तो तिला दिला नाही.

सुरुवात बघा. बाई पुरातत्त्व, मानववंशशास्त्र आणि प्राचीन संस्कृतींची तज्ज्ञ अधिकारी आहे. ती ब्रिजवरून (यानाच्या नियंत्रणकक्षातून) बाहेर पडते न पडते तोच मॅकॉय म्हणतो की शेवटी बाईच ती, एक दिवस मनासारखा पुरुष भेटेल आणि नोकरी सोडून जाईल. हे कुठे, तर तेविसाव्या शतकातल्या अवकाशयानात! मग ग्रहावर उतरल्यावर अपोलो हात हलवतो आणि तिचा गणवेश जाऊन अंगावर गुलाबी ग्रीक झगा येतो. वेशभूषाकार विल्यम वेअर थीस यांचे कपडे आता पडतील की मग अशा बेताचेच असायचे, त्यातला हा एक अव्वल नमुना. आणि प्राचीन संस्कृतींच्या तज्ज्ञाला साक्षात अपोलो भेटल्यावर ती एक तरी प्रश्न विचारते का? डेल्फीच्या त्याच्या देवळाबद्दल? होमरबद्दल? काही नाही. बागेत फिरते आणि प्रेमात पडते.

पुढे कर्क तिला बाजूला घेतो. त्याला कळलेलं असतं की अपोलोला झुलवायला हीच एक कळ उरली आहे. तो तिचा हात हातात घेऊन सांगतो, आपण माणसं एकमेकांची, आपला इतिहास एक, तुला याला नाकारावं लागेल. नातं, कर्तव्य वगैरे छानच बोलतो, पण सरळ अर्थ असा की जा आणि त्याचं काळीज मोडून ये. ती जाते. अपोलोला तोंडावर सांगते की मी शास्त्रज्ञ आहे, तू माझ्यासाठी नमुना होतास, जिवाणूच्या नव्या जातीवर जितकं प्रेम करीन तितकंच तुझ्यावर. पॅलामास झालेल्या लेस्ली पॅरिशने ते वाक्य ज्या चेहऱ्याने म्हटलंय ते परत बघा. तोंडातून शास्त्र येतंय आणि डोळ्यांत भलतंच आहे. मग वादळ, विजा, तिच्या किंकाळ्या. ते दृश्य मला आजही बघवत नाही. ते सरळसरळ बाईवरच्या अत्याचारासारखं चित्रित केलंय.

आणि शेवटी हळहळ कुणाची दाखवतात? कर्कची. ती रडत असते, तिला कुणी काही विचारत नाही.

उपग्रह

उल्काताई, पटलं. कर्क युक्तिवादात जिंकलेला नाही, हे तुमच्यामुळे अधिक स्पष्ट झालं. आधीचा बेत काय, तर सगळ्यांनी मिळून अपोलोला चिडवायचं, त्याची शक्ती संपवायची. तो बेत पॅलामासच मध्ये पडून मोडते, यांना मारू नकोस म्हणून. म्हणजे दया दाखवली ती एकटीनेच, आणि नंतर निष्ठुर व्हायचं कामही तिच्याच गळ्यात.

न्यूजर्सीकर

याच एपिसोडात वर यानात काय चाललंय तेही बघा. संपर्कयंत्रणा बंद पडलीय. संपर्क अधिकारी उहुरा पॅनेल उघडून आत हात घालून बारीक तारा जोडत बसलीय. म्हणते, असलं काम कित्येक वर्षांत केलं नाही, एक जरी जोड चुकला तर सगळं जळून जाईल. स्पॉक शांतपणे म्हणतो, या कामाला तुमच्याहून लायक दुसरं कुणी मला तरी सुचत नाही, मिस उहुरा. बस, एवढंच. आणि ती ते करते. 'बाई आहे, लग्न करून जाईल' आणि 'तुमच्याहून लायक कुणी नाही' ही दोन्ही वाक्यं एकाच तासाभराच्या कार्यक्रमात! साठचं दशक म्हणजे काय हे कुणाला समजवायचं असेल तर मी हाच एपिसोड दाखवीन.

पॅरिश स्वतः व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात रस्त्यावर उतरून काम करणारी होती, हे इथे सांगायला हवं. झगा घालून घाबरायची भूमिका वाट्याला आली, एवढंच.

फॉरेस्टबद्दलही एक गंमत. दिग्दर्शक रॉजर कॉर्मनच्या १९६१ च्या 'अ‍ॅटलस' नावाच्या स्वस्तातल्या सिनेमात हाच नायक होता आणि ते चित्रीकरण खुद्द ग्रीसमध्ये झालं होतं. म्हणजे खऱ्या ग्रीसमधून हा माणूस स्टुडिओतल्या ग्रीसमध्ये आला.

शब्दवेल्हाळ

उल्का, न्यूजर्सीकर, दोघांनाही +१. चेकॉव्हच्या केसांबद्दल कुणीच बोललं नाही का? त्या सीझनच्या सुरुवातीला चेकॉव्ह झालेला कोनिग टोप घालून वावरतोय. एकदा कळलं की दुसरं काही दिसत नाही.

पिंपळपान

धागा उशिरा पाहिला. ग्रीक पुराणकथा हा माझा आवडीचा विषय, म्हणून लॉरेलच्या पानांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

अपोलो आणि लॉरेल यांचं नातं काय? डॅफ्ने नावाची अप्सरा. अपोलो तिच्या मागे लागला. तिला तो नको होता. ती जीव घेऊन पळाली, पकडली जाणार असं दिसल्यावर नदीदेव असलेल्या बापाला हाक मारली, आणि बापाने तिचं झाड करून टाकलं. तेच लॉरेल. अपोलोने काय करावं? त्या झाडाच्या फांद्या तोडून मुकुट केला आणि म्हणाला, बायको नाही झालीस तरी माझं झाड होशील. डेल्फीच्या खेळांत जिंकणाऱ्याला लॉरेलचा मुकुट घालायचे तो या नात्याने.

कॅसँड्राचंही तेच. तिला भविष्य सांगायची विद्या दिली, तिने नकार दिल्यावर शाप दिला की खरं सांगशील पण कुणी विश्वास ठेवणार नाही. एपिसोडमध्ये अपोलो या दोघींची नावं घेतो. पॅलामासला म्हणतो, डॅफ्ने, कॅसँड्रा, कुणीच तुझ्याइतकी सुंदर नव्हती. या बाईला ग्रीक पुराणं पाठ असायला हवीत! ही दोन नावं ऐकल्याबरोबर तिने तिथून पळ काढायला हवा होता.

तेव्हा कर्क शेवटी म्हणतो की चार लॉरेलची पानं गोळा केली असती तर काय बिघडलं असतं, त्याचं उत्तर शेजारीच रडत उभं आहे. ज्या पानांबद्दल तो हळहळतोय ती नकार दिलेल्या बाईची पानं आहेत. लिहिणाऱ्याच्या हे मनात होतं की नाही, कोण जाणे. पण शेवट मला आता वेगळा दिसतो. तर्कटरावांशी मी सहमत, निराळ्या कारणाने. हा देव मान मागताना नकार ऐकूनच घेऊ शकत नाही. त्याचं चुकलं ते हे.

भटकी_उल्का

पिंपळपान, दंडवत घ्या!

अर्धवटराव

आपल्याकडचा गोवर्धनाचा प्रसंग कुणालाच आठवला नाही याचं नवल वाटतं. इंद्राची पूजा बंद करा, डोंगराची करा, असं कृष्ण सांगतो. पूजा बंद झाली म्हणून इंद्र चिडतो आणि सात दिवस पाऊस कोसळवतो. अगदी हाच अपोलो! फरक इतकाच की आपला इंद्र हरल्यावर येऊन नमस्कार करतो आणि परत कामाला लागतो. विरून वगैरे जात नाही.

तर्कट

अर्धवटराव, फरक तेवढाच नाही. तिथे इंद्राला हटवणारा स्वतः देवच आहे. एक देव जाऊन दुसरा आला. म्हणजे पुन्हा कर्कचं ते 'एकच पुरेसा आहे'.

कोकणकडा

इंद्रापेक्षा मला पंढरपूर आठवलं. तोही पुंडलिकाने भिरकावलेल्या विटेवर थांबलाय. देव भावाचा भुकेला, असं आपण सरळच म्हणतो, म्हणजे गरज त्यालाही आहे हे गृहीतच. पण जनाबाई त्याला तोंडावर शिव्या घालते आणि तो तिच्यासोबत दळायला बसतो. शिव्या ऐकून वीज फेकत नाही. अपोलोला पाच हजार वर्षांत कुणी मनसोक्त शिव्या द्यायला हव्या होत्या. चेकॉव्हने प्रयत्न केला, पण तो फार लहान होता.

उपग्रह

कोकणकडा, हे भारी आहे :) मी बापाच्या बाजूने धागा काढला आणि बापाला धडा शिकवायला अख्खं गाव जमलं.

तरी एक मुद्दा सोडत नाही. 'द नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या पिढीच्या स्टार ट्रेक मालिकेत, १९८९ सालच्या 'हू वॉचेस द वॉचर्स' मध्ये, हाच डाव उलटा मांडलाय. मिंटाका ३ या ग्रहावरचे लोक यानाचा कप्तान पिकार्ड यालाच देव समजतात. लिको नावाच्या माणसाला डॉक्टर यानात नेऊन बरं करते, त्याला अर्धवट शुद्धीत पिकार्ड दिसतो, आणि खाली जाऊन तो सांगतो की आपला जुना देव परत आला. पिकार्डला देव व्हायची आयती संधी. एक सल्ला तर असाही मिळतो की आता त्यांना आज्ञा देऊनच टाका, म्हणजे निदान गोंधळ तरी होणार नाही. तो साफ नकार देतो. त्यांच्या पुढारीणबाईंना, न्यूरियाला, यानात आणतो. तिचा विश्वास काही केल्या ढळत नाही, उलट मेलेल्यांना परत आण म्हणते. मग तिच्यासमोर यानात एक बाई मरते, डॉक्टरांना वाचवता येत नाही, आणि तेव्हा कुठे तिला पटतं. लिकोला तेवढ्यानेही पटत नाही. तो बाण मारतो, पिकार्डला लागतो, रक्त येतं. तेव्हा प्रश्न मिटतो.

अपोलो ती संधी घेतो आणि पिकार्ड नाकारतो, हे तर झालंच. पण पिकार्डला आपण देव नाही हे सिद्ध करायला जखमी व्हावं लागतं. कर्कने अपोलोला यातला एकही मार्ग दिला नाही. देवपण सोडून नुसता माणूस म्हणून चल आमच्याबरोबर, असं एकदा तरी विचारायचं होतं ना?

तर्कट

हा मुद्दा मान्य. ही कथा विज्ञानाची असती तर त्याला प्रयोगशाळेत नेऊन पाच हजार वर्षांचा साक्षीदार म्हणून जपला असता. पुरातत्त्वज्ञ शेजारी उभी होती. कुठल्याही इतिहासकाराने त्या देवळावर फेझर सोडायच्या आधी कर्कचा हात धरला असता.

न्यूजर्सीकर

चाहत्यांनी ती चुटपुट भरून काढली आहे बरं का. २०१३ मध्ये 'स्टार ट्रेक कंटिन्यूज' नावाच्या चाहत्यांच्या मालिकेचा पहिला भाग आला, 'पिल्ग्रिम ऑफ इटर्निटी'. त्यात अपोलो परत येतो, थकलेला, म्हातारा. भूमिका केली आहे त्याच मायकेल फॉरेस्टने, ऐंशीच्या घरात असताना. उपग्रह, तुमचा वाट बघणारा म्हातारा तुम्हाला तिथे भेटेल. माझ्या मते मूळ एपिसोडपेक्षा फॉरेस्ट तिथे जास्त खुलतो.

भटकी_उल्का

आणि पॅलामासचं पुढे काय झालं, याचंही एक उत्तर आहे. मूळ पटकथेत शेवटी ती अपोलोपासून गरोदर असल्याचं कळतं. टीव्हीवर ते गाळलं. पण जेम्स ब्लिशने एपिसोडांच्या कथा करून छापल्या, त्यात तो शेवट आहे. म्हणजे तिच्या वाट्याला ग्रीक पुराणातल्या बायकांचं नशीब आलंच होतं, टीव्हीच्या नियमांनी वाचवलं म्हणायचं.

पिंपळपान

ब्लिशची ती कथा वाचली पाहिजे. शीर्षकाबद्दल सांगायचं राहिलं. ते इंग्रज कवी शेलीचं आहे. मित्र कवी कीट्स गेल्यावर १८२१ मध्ये त्याने लिहिलेल्या शोककवितेतली ती ओळ, अडोनेइससाठी कोण शोक करतं, अशी. म्हणजे शीर्षक देणाऱ्याचं मन अपोलोच्याच बाजूने होतं. उपग्रह, तुम्हाला एक साक्षीदार मिळाला.

जुना_अँटेना

बघितला. पंजा बघून नातू म्हणाला, आजोबा, हे खरंच तुम्ही लोक बघायचात? मग वादळाच्या प्रसंगाला तो गप्प झाला आणि शेवटी विचारलं, त्यांनी त्याला बरोबर का नाही नेलं? उपग्रह, तुमचाच प्रश्न, दहा वर्षांच्या मुलाचा.

मला स्वतःला मात्र कर्कचा राग आला नाही. कप्तानाला चारशे माणसं परत न्यायची होती. इतिहास नंतर.

उपग्रह

अँटेनाकाका, नातवाला या धाग्याचं सदस्यत्व द्या.

पुढच्या रविवारी 'द स्क्वायर ऑफ गोथोस' घेऊ या का? जानेवारी १९६७ चा आहे, म्हणजे याच्या आधीच्या सीझनमधला. तिथला ट्रेलेन असाच सर्वशक्तिमान, पण शेवटी त्याचे आईबाप येऊन त्याला घरी नेतात. अपोलोला ओरडायला कुणी उरलं नव्हतं, याला आहे.

तर्कट

घ्या. पण त्याआधी सगळ्यांनी 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर' बघून या. गॅरी मिचेल. कर्कचा मित्रच देव होतो, डोळे चांदीसारखे चकाकायला लागतात. तोही २२ सप्टेंबरलाच लागला होता, बरोबर एक वर्ष आधी, १९६६ ला. तिथे कर्क हळहळतो ते मला पटतं, कारण तो मित्र होता.

शब्दवेल्हाळ

आणि त्यात चेकॉव्ह नाही, म्हणजे टोपही नाही. मी येतोय.